मारू की सोडू?

बॅकगॅमन शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एक सल्ला देतं: काय खेळावं कळत नसेल तर समोरच्याची सोंगटी मारावी आणि मोकळं व्हावं. सल्ला वाईट नाही. बऱ्याचदा बरोबरही निघतो. प्रश्न उरलेल्या वेळांचा आहे, आणि खेळातली सगळी गंमत (आणि सगळी भांडणंसुद्धा) नेमकी तिथेच आहे. आमच्या घरात तरी :-)

आज त्याबद्दलच लिहायचं ठरवलंय. एक तर हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आणि दुसरं म्हणजे दिवाळीत काकांकडे जी मंडळी जमणार आहेत त्यांनी हे आधी वाचून यावं अशी फार इच्छा आहे. का, ते पुढे येईलच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पटावर २४ घरं, दोघांच्या प्रत्येकी १५ सोंगट्या, दोन फासे. दोघं एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. आपल्या सगळ्या सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग दान पडेल तशा पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या सगळ्या आधी बाहेर, तो जिंकला. एका घरात आपल्या दोन किंवा जास्त सोंगट्या असल्या की ते घर बंद. समोरच्याला तिथे उतरता येत नाही. सोंगटी एकटी असेल तर मात्र तो तिथे उतरून ती मारू शकतो. मारलेली सोंगटी पटाच्या मधल्या पट्टीवर जाते. तिला पुन्हा सुरुवातीपासून, म्हणजे मारणाऱ्याच्याच शेवटच्या सहा घरांतून, आत यावं लागतं. आणि ती आत येईपर्यंत तिच्या मालकाला दुसरं काहीही हलवता येत नाही.

या शेवटच्या सहा घरांना आमचे काका 'वाडा' म्हणतात. वाड्याला सहा दारं. एकचं दान पडलं तर पहिल्या दारातून आत यायचं, दोनचं पडलं तर दुसऱ्या, असं सहापर्यंत. दार बंद असेल तर बाहेर उभं राहायचं. इंग्रजी शब्दांपेक्षा मला हे जास्त आवडतं, त्यामुळे पुढेही वाडा आणि दारंच म्हणणार आहे.

तसं पाहिलं तर आपल्याला या खेळासाठी शब्द उसने आणायची गरजच नाही. फाशावर पडतं ते दान, पटावर फिरते ती सोंगटी, मांडतो तो डाव. सारीपाटाने हे सगळं आपल्याला आधीच देऊन ठेवलंय. सारीपाटात एका घरातल्या जोडीला जुग म्हणतात. हिंदीत एक म्हण आहे, जुग फुटलं की नर्द मारली जाते. नर्द म्हणजे सोंगटी. आणि गंमत बघा, इराणमध्ये बॅकगॅमनचं नावच 'तख्ते नर्द'! एका जुन्या पहलवी ग्रंथातली दंतकथा अशी, की हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या दरबारात बुद्धिबळाचा पट कोडं म्हणून पाठवला. तिथल्या बुजुर्गमिहर नावाच्या वजिराने तो उलगडला आणि उलट कोडं म्हणून नर्दचा पट इकडे पाठवून दिला. ते कोडं काही आपल्याकडे सुटलं नाही म्हणे. कथा अर्थातच इराण्यांनी लिहिलेली आहे, तेव्हा निकाल असाच लागणार.

काका हा खेळ शिकले कुवेतमध्ये. १९७०च्या दशकात नोकरीसाठी गेले, तिथे लेबनीज आणि पॅलेस्टिनी सहकारी रोज संध्याकाळी पट मांडून बसत. त्यांच्यात बसून हेही शिकले. ती मंडळी फाशांची दानं अरबीत मोजत नसत, फारसी-तुर्कीत मोजत. सहा-पाच पडलं की 'शेश-बेश'. शेश फारसी सहा, बेश तुर्की पाच. काका अजून तसंच ओरडतात. १९९० साली इराकने कुवेत ताब्यात घेतलं तेव्हा ते अम्मानमार्गे एका बॅगेनिशी परत आले. पट मात्र आधीच्याच एका सुट्टीत पुण्याला येऊन पडलेला होता, म्हणून वाचला. शिंपल्याचं जडावकाम केलेला, एका कोपऱ्याला थोडा उखडलेला. आम्ही सगळी भावंडं त्याच पटावर शिकलो.

आता मुद्द्याकडे.

आपण सगळे ल्युडोवर वाढलेलो. ल्युडोत मारणं म्हणजे निखळ फायदा. समोरची सोंगटी घरी जाते, वर बहुतेक घरांत आणखी एक खेळी बक्षीस मिळते, आणि आरडाओरडा करायला मिळतो तो वेगळाच. त्यामुळे बॅकगॅमनला बसल्यावर पहिले काही महिने हात आपोआप मारायला जातो. इथे बक्षिसाची खेळी नाही हे लक्षात यायलाच वेळ लागतो. मारण्याची किंमत असते, आणि ती दर वेळी वेगळी असते.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, समोरच्याच्या बाकीच्या सोंगट्या पुढे निघून गेल्यात, आणि शेवटची एकच मागे राहिलेली सोंगटी माझ्या पाचव्या घरात एकटी उभी आहे. मला ती मारता येते, पण मारणारी माझी सोंगटीही तिथे एकटीच राहणार. मारू?

पट्टीपासून पटाबाहेर पडेपर्यंतचा पूर्ण प्रवास २५ पावलांचा. त्याची सोंगटी माझ्या पाचव्या घरात आहे म्हणजे ती जेमतेम पाच पावलं चालून आलेली आहे. मारली तर त्याचं नुकसान पाच पावलांचं. माझी सोंगटी त्याच घरात उभी आहे, पण माझ्या बाजूने ती २० पावलं चालून आलेली. ती मारली गेली तर माझं नुकसान २० पावलांचं. घर एकच, पण दोघांची किंमत चौपटीने वेगळी.

आणि ती मारली जाण्याची शक्यता किती? दोन फाशांची मिळून ३६ दानं. त्यातल्या ११ दानांत निदान एक पाच असतोच. शिवाय चार-एक आणि तीन-दोन यांची बेरीज पाच होते, ती दोन-दोन प्रकारे पडतात, म्हणजे आणखी चार. एकूण १५. बाकीची दारं उघडी धरली तर ३६ पैकी १५ वेळा तो आत येता येता मला उलटा मारणार. २० पावलं गुणिले १५ भागिले ३६, म्हणजे सरासरी सव्वाआठ पावलांचा धोका. मिळवले किती, तर पाच.

वाण्याच्या हिशोबाने हा सौदा तोट्याचा. आणि तरीही अशा जागी जाणकार खेळाडू बहुतेक वेळा मारतात!

मला हे बरीच वर्षं कळत नव्हतं. काकांना विचारलं की ते म्हणायचे, "अगं, तू पावलं मोजतेस. वेळ मोज." म्हणजे काय, ते हळूहळू उमगलं. मी त्याला सोडलं तर पुढचं दान त्याचं संपूर्ण असतं. दोन्ही फाशांची पावलं टाकून तो शेवटची सोंगटी पळवतो, आणि एकदा ती पळाली की मारामारी संपली, नुसती शर्यत उरली. मी मारलं तर त्याच्या दानातला एक फासा आत येण्यातच खर्च होतो. पळायला उरतो अर्धा. उरलेल्या २१ दानांत तो मला मारू शकत नाही, आणि पुढच्या खेपेला मी त्या पाचव्या घरात दुसरी सोंगटी आणून दार बंद करू शकते. पाच पावलं हे मारण्याचं निमित्त आहे फक्त. मारून घेतो ती समोरच्याची पाळी.

म्हणून मारताना पहिल्यांदा बघायची ती दारं. माझ्या वाड्याची आणि त्याच्याही. इथलं गणित फार सुंदर आहे. दारं जितकी बंद, त्या आकड्याचा वर्ग करायचा. एक दार बंद असेल तर ३६ पैकी एकाच दानात समोरचा बाहेर राहतो. दोन बंद असतील तर ४ दानांत, तीन असतील तर ९. चार बंद म्हणजे १६. पाच बंद म्हणजे २५. सहाही बंद असतील तर त्याने फासे टाकायचीसुद्धा गरज नाही, चहा करायला उठावं. कारण उघड आहे, दोन्ही फासे बंद दारांवरच पडायला हवेत. पण वर्ग असल्यामुळे आकडा कसा चढत जातो बघा. दोन दारं बंद असताना मारलं तर समोरचा बहुधा हसत हसत आत येतो. चार बंद असताना तेच मारणं जवळजवळ निम्म्या वेळा त्याची पूर्ण पाळी खाऊन टाकतं. सोंगटी तीच आणि मारणंही तेच असून.

आणि हे गणित उलटंही लागू आहे. मी मारल्यावर त्याने मला उलटं मारलं, तर मला त्याच्या वाड्यात शिरायचं आहे. तिथे चार-पाच दारं बंद असतील तर माझी एकटी सोंगटी उघड्यावर ठेवणं हा शुद्ध आगाऊपणा. त्याचा वाडा सताड उघडा असेल तर मात्र खुशाल भांडावं. मार बसला तरी परत येता येतं. पॉल मॅग्रिएल नावाच्या अमेरिकन गणितज्ञाचं १९७६ सालचं पुस्तक या खेळाचा धर्मग्रंथ मानतात. त्याने धाडसी खेळी आणि सावध खेळी यांतली निवड कशी करायची हे नीट मांडून दाखवलं. स्वभावाने धाडसी किंवा सावध असण्याला त्यात काही जागा नाही, पट जे सांगेल ते करायचं. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मी ज्यांना खेळताना पाहिलंय ते बहुतेक सगळे पटापेक्षा स्वभाव खेळतात. आमच्या एका आत्या कधीही कुणाला मारत नाहीत ("कशाला उगाच वाकडं घ्या"), आणि धाकट्या मावसभावाला मारल्याशिवाय चैन पडत नाही. हरतात दोघंही सारखेच.

आता सोडण्याबद्दल. सोंगटी समोर आहे, दानही पडलंय, आणि तरी सोडायची, असं कधी?

सगळ्यात सरळ कारण म्हणजे मारण्यासाठी आपलं चांगलं घर फोडावं लागत असेल तर. जुग फुटलं, पुढचं म्हणीत आहेच. दुसरं, आपण डाव जिंकत आलेलो असू तर. समोरच्याची एकही सोंगटी बाहेर निघायच्या आत आपण संपवलं तर डाव दुप्पट मोजतात. त्या लोभाने लोक आणखी एक मारायला जातात, मारणारी एकटी पडते, आणि हातातला डाव जातो. दुप्पट मिळण्याची शक्यता त्या धोक्याला पुरून उरते का, हे मोजल्याशिवाय हात घालू नये.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते तिसरं कारण. कधी कधी समोरच्याला मार खायचाच असतो.

हा एक पूर्ण डावपेच आहे. समोरचा माझ्या वाड्यातली दोन घरं धरून बसतो आणि वाट बघतो. मला माझ्या सगळ्या सोंगट्या त्याच्या नाकासमोरून घरी आणायच्या आहेत. कधी ना कधी एखादी एकटी पडेल आणि तो ती मारेल, अशी त्याची आशा. पण तोपर्यंत त्याला प्रत्येक दान खेळावं तर लागतंच. मागच्या सोंगट्या त्याला हलवायच्या नाहीत, म्हणून पुढच्या हलवाव्या लागतात. हळूहळू त्या त्याच्या वाड्यात खोल, पहिल्या-दुसऱ्या घरात साचत जातात आणि बाकीची दारं उघडी पडतात. मग त्याने मला मारलं तरी काय, मी लगेच आत. म्हणजे त्याला हवा असतो वेळ. आणि वेळ त्याला कोण देणार? मीच, त्याची आणखी एक सोंगटी मारून. मारलेली सोंगटी पहिल्यापासून फिरून येईपर्यंत त्याचा वाडा शाबूत राहतो. अशा वेळी तो मुद्दाम एकट्या सोंगट्या पसरून ठेवतो, ये मार म्हणून. ल्युडोचा हात तिथे बरोबर फसतो. शहाणा खेळाडू बाजूने निघून जातो, आणि समोरच्याला स्वतःच्याच दानांनी मोडू देतो.

तर मारणं म्हणजे वेळ काढून घेणं, आणि काही वेळा वेळ देणं. दोन्ही एकाच हालचालीत. हे पटलं की 'मारू की सोडू' याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही हेही पटतं.

जगात सगळीकडे मारण्याचा अर्थ एकच नाही, हेही काकांकडूनच कळलं. अरब देशांत 'महबूसा' नावाचा एक प्रकार खेळतात. महबूस म्हणजे कैदेत असलेला. त्यात एकटी सोंगटी मारायची नसते, तिच्यावर जाऊन बसायचं असतं. तुम्ही उठेपर्यंत ती तिथेच अडकलेली. ग्रीसमध्ये तर एकाच बैठकीत पाळीपाळीने तीन खेळ खेळतात. 'पोर्तेस' आपल्या बॅकगॅमनसारखा, मारायचं. 'प्लाकोतो' महबूसासारखा, दाबून ठेवायचं. आणि 'फेव्गा', ज्यात मारणंही नाही आणि दाबणंही नाही. एकटी सोंगटीसुद्धा आपलं घर राखू शकते. भांडायच्या तीन रीती आहेत झालं. आमच्या आत्यांनी फेव्गा शिकायला हवा.

यंत्रांनी हा खेळ कसा बदलला तेही सांगायला हवं, कारण मारू की सोडू या प्रश्नात माणसाच्या आड जे येतं ते यंत्राच्या आड येत नाही. १९७९ मध्ये मोंटे कार्लोला हान्स बर्लिनर यांच्या प्रोग्रामने तेव्हाचा विश्वविजेता लुइजी विला याला ७-१ असं हरवलं. खुद्द बर्लिनरांनीच नंतर कबूल केलं, की त्या दिवशी फासे यंत्राच्या बाजूने होते, खेळ विलाचाच सरस होता. (किती प्रामाणिक माणूस!) खरा बदल १९९०च्या दशकात आला. आयबीएममधल्या जेराल्ड टेसारो यांनी असा प्रोग्राम बनवला जो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. पुस्तकातला एकही सल्ला ऐकलेला नाही, कुणी रागावलेलं नाही, कुणी चिडवलेलं नाही. त्याने जाणकारांच्या काही सवयी मोडल्या. पहिलंच दान चार-एक पडलं, तर आपल्या पाचव्या घरात मुद्दाम एकटी सोंगटी ठेवायची अशी थोरामोठ्यांची रीत होती. समोरच्याने ती मारण्याची ३६ पैकी १५ दानं, मारली तर २० पावलांचं नुकसान, पण वाचली तर ते घर आपलं. प्रोग्रामने सांगितलं की त्यापेक्षा मागची एक सोंगटी पाऊलभर पुढे सरकवा. स्पर्धेतल्या खेळाडूंनी ते तपासून पाहिलं आणि सवय बदलली.

आज फुकटात मिळणारा प्रोग्रामसुद्धा प्रत्येक खेळीनंतर सांगतो, मारायला हवं होतं की नव्हतं. त्याच्याशी खेळताना जाणवतं, की तो मारतो तेव्हा त्याला मजा येत नाही आणि सोडतो तेव्हा त्याला दया आलेली नसते. माणूस मात्र तीन गोष्टींसाठी चुकीचं खेळतो. मारण्याच्या मजेने, मार बसण्याच्या भीतीने, आणि समोरच्याच्या दयेने. पहिल्या दोन दुरुस्त होतात, अनुभवाने. तिसरीबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती सद्गुणासारखी दिसते.

इथे मला काकांबद्दल सांगायचं आहे.

२०१९ मध्ये काकांना अर्धांगाचा झटका आला हे नातेवाइकांना माहीतच आहे. उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही. फासे डाव्या हाताने टाकतात. बोलणं जरा अडखळतं, घरं मोजायला वेळ लागतो, बोट ठेवून एकेक मोजतात. पण डाव कळतो. कुठलं दार बंद करायचं, कधी पळायचं, हे सगळं जागच्या जागी आहे. नुसतं तिथपर्यंत पोचायला दोन मिनिटं जास्त.

गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, बाहेरून आला होता. रात्री जेवणं झाल्यावर पट मांडला. दादा काकांपेक्षा चांगला खेळतो, निदान आता तरी. पहिल्या डावात त्याला तीनने मारता येत होतं, त्याने मारलं नाही. काकांनी मान वर करून पाहिलं, बोलले नाहीत. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. आम्ही सगळे बघत होतो आणि सगळ्यांना कळत होतं. काकू तर डोळ्यांनीच दादाला शाबासकी देत होत्या. दोन्ही डाव काका जिंकले.

तिसऱ्या डावात काकांनी एक सोंगटी उचलली आणि काही कारण नसताना दादाच्या अगदी समोर, एकटी, नेऊन ठेवली. इतकी उघड्यावर की बहुतेक कुठल्याही दानाने मारता यावी. दादाच्या वाड्याची चार दारं बंद होती. फासे पडले, मारण्याचं दानही पडलं. दादाने दुसरीच सोंगटी हलवली.

काकांनी फासे वाटीत ठेवले. म्हणाले, "तू खेळत नाहीयेस. लोक आजाऱ्याला बघायला येतात ना, तसा बसलायस." आणि पट मिटला.

दादाचा हेतू वाईट नव्हता हे काकांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं छान गप्पा मारत चहा पीत होते. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मला वाटतं, त्यात नुसता मानी माणसाचा राग नव्हता, खेळाचं एक साधं सत्य होतं. या खेळात समोरच्याने काय केलं नाही, तेही आपण वाचत असतो. त्याने मारलं नाही, का? माझ्या वाड्याला घाबरला? दुसरं घर बांधायचंय? की मी मार खायला टपलोय हे त्याने ओळखलं? काका, बोट ठेवून एकेक घर मोजत, हेच वाचायचा प्रयत्न करत होते. झटक्यानंतर जी गोष्ट त्यांना अजून पूर्ण येते ती करत होते. आणि पटावर उत्तर सापडत नव्हतं, कारण उत्तर पटावर नव्हतंच, त्यांच्या उजव्या हातात होतं. सोडलेल्या सोंगटीचं कारण पटावर सापडलं नाही की समोरच्या माणसाला खेळायला काही उरतच नाही.

आणि खरं सांगायचं तर आपल्या दयेची इथे गरजही नाही. बुद्धिबळात कच्चा खेळाडू पक्क्याला हरवत नाही. इथे हरवतो. एखाद्या डावात दोन वेळा दुहेरी सहा पडले की भलेभले गप्प बसतात. विश्वविजेता विलाचं काय झालं ते वर सांगितलंच. काका माझ्याशी दर रविवारी खेळतात. मी सुचेल तितका चांगला खेळ करते, मारायचं तिथे मारते, आणि तरी तीन-चार डावांतला एखादा ते जिंकतातच. तो त्यांचा असतो. दया करण्याचं खातं या खेळात फाशांकडे दिलेलं आहे. ते आपल्याकडे घ्यायचं कारण नाही.

तर दिवाळीला येणाऱ्या समस्त भावंडांनो, भाच्यांनो आणि पुतण्यांनो, तुमच्यासाठी:

काकांची सोंगटी एकटी दिसली तर आधी तुमच्या वाड्याची दारं मोजा, मग त्यांच्या वाड्याची. उलटा मार बसण्याची दानं ३६ पैकी किती, ते मोजा. न मारता सोडलं तर पुढच्या दानाला ते काय करतील, ते बघा. ते मागे दोन घरं धरून मार खायला टपले आहेत का, तेही बघा, कारण हा डाव त्यांचा फार आवडता आहे आणि त्यात त्यांनी कुवेतमधल्या लोकांनाही रडवलेलं आहे. इतकं करून सोडायची असं ठरलं तर खुशाल सोडा. त्यांना कारण दिसेल, आणि बहुधा मान हलवून दादही देतील.

नाहीतर मारा. सोंगटी उचलून पट्टीवर ठेवा, नेहमी ठेवता तशी, सॉरी काका वगैरे न म्हणता. ते मोजत असताना मोजून द्यायला जाऊ नका, वेळ लागला तर लागू दे. फराळाचं ताट पटापासून लांब ठेवा, गेल्या वर्षीचं चिवड्याचं तेल अजून सहाव्या घरात आहे.

आणि शेश-बेश पडलं तर ओरडायचा मान त्यांचा, हे मात्र लक्षात ठेवा.